क्लेमेंटीतली कॅरॅव्हॅन

तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळून प्रताप धुरंधर नुकतेच रिटायर झाले होते. पुढच्या महिन्यात बायकोला, विनीताला, घेऊन ते न्यूझीलंडमध्ये कॅरॅव्हॅननं हिंडणार होते. गाडीमागे जोडलेलं ते चाकांवरचं घर दोघांनी आतून कधी पाहिलंही नव्हतं. पण रंगीत तालीम न घेता निघेल तो चीफ इंजिनिअर कसला!

त्यांनी क्लेमेंटी उपनगरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या फरशीवर, पिवळ्या टेपनं कॅरॅव्हॅन आखली. सोळा फूट लांब, सात फूट रुंद. शनिवार-रविवार दोघांनी तिच्यातच राहायचं. बाथरूम तेवढं खरंखुरं. शेगडी, गादी, डबे, सगळं आत आलं. वळणावर काही पडू नये म्हणून जहाजावरच्या सवयीनं प्रतापनी डबेसुद्धा दोरीनं आवळून टाकले.

सकाळी विनीता चहा करायला गेली, तर साखरेच्या डब्याला तीन गाठी!

"अहो, हॉलमध्ये वादळ येणार आहे का?" ती कडाडली.

प्रताप गाठी सोडवत बसले. मग पेपर घ्यायला टेप ओलांडून सोफ्याकडे निघाले, तर ती पुन्हा ओरडली, "तिकडून कुठे? भिंत आहे ती!"

दोघं पोट धरधरून हसली. दुपारी पत्ते झाले, पत्त्यांवरून भांडण झालं, भांडणावर कांदाभजी झाली.

रविवारी संध्याकाळी प्रताप टेप काढायला वाकले. विनीतानं त्यांचा हात धरला.

"राहू दे हो," ती म्हणाली. "आत्ता कुठे निघालोय आपण."