वाघरीची गाठ

रतनबाई धनगराची पोर, राहूच्या शिवारात बापाच्या मेंढरांमागं वाढलेली. दिवस मावळायला मेंढरांभोवती जाळं लावायचं, त्याला वाघर म्हणतात. बाप भैरू सांगायचा, “लांडगा धडकला तरी गाठ आवळत गेली पायजे, ढिली न्हाई.” शाळा म्हणाल तर तेवढीच. पण काय पक्की शाळा!

लग्न होऊन ती शिरूरला आली आन् एका छोट्या वर्कशॉपात लागली. नौदलाच्या जुन्या हेलिकॉप्टरांवर नवी हत्यारं, वाट दाखवणारी यंत्रं बसत होती. शत्रूचं क्षेपणास्त्र आलं की जळते गोळे सोडून त्याला चकवायची यंत्रणाही होती. त्या यंत्रणेच्या वायरींच्या जुड्या इथं दोऱ्यानं बांधायच्या. बाईनं समुद्र उभ्या जन्मात पाहिला नव्हता!

काम शिकवलं तपासनीस शेखलालमामांनी. नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकलेला. “रतन, ही गाठ नुसती धरून ठेवती, आवळत न्हाई. उडताना सगळं थरथरतं. तुझी वाघरीची गाठ हितं घातली, तर वायरीची साल कापंल.”

सात वर्षं तिनं मामांचीच गाठ घातली. पुढं पुढं मामा तिच्या जुड्या न बघताच शिक्का मारायला लागले. “रतनचं काम. त्यात बघायचं काय?” अहो, बघायचंच असतं! त्यासाठीच तर पगार मिळतो.

भैरू गेला. तेरावा उरकून दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, पण डोकं राहूतच राहिलं होतं. सुट्टीचा भोंगा झाला, तिनं हातातली जुडी पाहिली. बापाची गाठ! दिवसभरातल्या आधीच्या अकरा जुड्यांनाही तीच, आन् त्यांवर गाठी झाकणारी नळी चढून मामांचा शिक्काही बसला होता. सांगावं तर मामांना बोलणी बसणार. उद्या सांगू म्हणत तिनं हातातली तेवढी कापून पुन्हा बांधली. तो उद्या काही आला नाही.

दोन महिन्यांनी बातमी आली. जमिनीवर चाचणी चालू असताना वायर उघडी पडली, ठिणगी उडाली आन् जळते गोळे सुटले. समोरच्या तंत्रज्ञाचे दोन्ही डोळे गेले.

नौदलाचे अधिकारी चौकशीला आले. त्या हेलिकॉप्टरातून कापून काढलेली जुडी टेबलावर ठेवली. गाठ कुणाची, हे मामांनी बघताच ओळखलं. सहा महिन्यांवर निवृत्ती आलेला माणूस, पण खाली मान घालून म्हणाला, “माझ्याच हातनं बांधली गेली, साहेब. येवढी एकच चुकली.”

अधिकारी लिहून घ्यायला लागला. रतनबाईची लेक हर्षदा नर्सिंगला, घरात हिचाच पगार. गप्प बसली असती तर निभावलं असतं, आन् तसं तिच्या मनात आलंही. पण ती उठली.

“मामांना ही गाठ येतच न्हाई, साहेब. दोरा द्या.”

“गप बस की गं!” मामा ओरडले. सात वर्षांत पहिल्यांदाच.

तिनं सगळ्यांसमोर गाठ बांधली. अधिकाऱ्यानं ओढून पाहिली. ती आवळत गेली.

“अशा अकरा बांधल्यात,” ती म्हणाली. “दहा अजून उडत्यात.”

अधिकारी फोनकडं धावला. मामांनी खिशातला शिक्का काढून टेबलावर ठेवला. ‘एकच’ म्हणताना, अशा किती बांधल्यास, हे त्यांनी तिला विचारलंच नव्हतं.