प्लायवूडमागची विमानं

एका भिंतीबद्दल इतके किस्से साचतील असं वाटलं नव्हतं. त्यातले किती घडले आणि किती मी मनात घडवले, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. साल त्र्याऐंशी की चौऱ्याऐंशी? माहीत नाही. राग मात्र खरा आहे!

अंधेरीकडच्या विमानतळावर एका हॉलमध्ये काचेची भिंत व्हायची होती. लाकडी-कापडी विमानापासून जेटपर्यंत सगळा इतिहास रंगीत काचेत, आणि उजेडासाठी काचेमागे ट्यूबलाइट. काचेचं काम सुधा परबचं. तिचं वर्कशॉप मालाडला. मी विमानशास्त्राचा प्राध्यापक, म्हणून चुका तपासायला.

पहिल्याच मीटिंगला विमानतळाचे मोठे साहेब म्हणाले, "जेट पुढे घ्या. ते कापडी विमान बघून पॅसेंजर घाबरेल."

सुधा म्हणाली, "साहेब, आधी नातू आणि मग आजोबा?"

*

एक विमान उतरताना दाखवलं होतं. साहेब म्हणाले, "हे पडतंय!"

मी फळ्यावर आकृती काढून लँडिंग समजावलं. ते म्हणाले, "प्रोफेसर, पडतानाही असंच दिसतं!"

मला शंका आली. घरी जाऊन पुस्तक उघडलं. सुधाचा फोन आला, "सर, तुम्ही पीएचडी ना? मग त्या मेल्याचं काय ऐकता?"

तोवर त्या मेल्याने काच बदलायची ऑर्डर काढली होती. तिने ते आख्खं विमान पुन्हा कापलं. बोटांना पट्ट्या बांधून!

*

मग पायलट. साहेब म्हणाले, "गॉगलमुळे चेहरा दिसत नाही. थोडा मंत्रीसाहेबांसारखा होईल?"

"होईल ना," सुधा म्हणाली. "मंत्री बदलले की काच फोडायची की पायलट?"

*

उद्घाटनाला पाटीवर मंत्री, साहेब, कंत्राटदार अशी सगळ्यांची नावं. सुधाचं नाही! गेटवर शिपायाने तिला अडवलं, "व्हिजिटर तिकीट?"

"मी केलेली भिंत बघायला मीच तिकीट काढू काय रे?"

काढलं. मी शेजारी उभा होतो. भांडायला हवं होतं.

*

महिन्याभरात कोणीतरी व्हीआयपी येणार होते. गर्दीत काचेला धक्का लागू नये म्हणून पुढे प्लायवूड ठोकलं. व्हीआयपी आले, गेले. प्लाय राहिलं. मग त्यावर सुटकेसची जाहिरात लागली.

सुधा दर महिन्याला मालाडहून जायची, तिकीट काढून आत शिरायची, प्लाय काढा म्हणायची. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "नेक्स्ट वीक, मॅडम. नक्की!"

एकदा ती मला म्हणाली, "सर, निदान एकदा तरी माझ्या म्हाताऱ्या आईला दाखवायची होती हो."

आई गेली. काही वर्षांनी सुधाही गेली. प्लाय तिथेच.

*

पुढे बऱ्याच वर्षांनी घाटकोपरला एका लग्नात त्या हॉलचा जुना वायरमन भेटला. रिटायर झालेला. मी घाबरत घाबरतच विचारलं, "त्या काचेमागच्या ट्यूब कधी बंद केल्या हो?"

तो दुखावलाच. "बंद? काय बोलता सर! मागून दरवाजा होता ना. ट्यूब गेली की लगेच नवीन टाकायचो. रिटायर होईपर्यंत एक रात्र अंधार होऊ दिला नाही. साहेबांची सक्त ऑर्डर होती!"