पहिला वाचक मी नव्हतो

आमच्या विहाराच्या स्मरणिकेत माझा फोटो छापला आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘वर्षावासातील ग्रंथवाचनाचे आद्य वाचक’. हे खोटं आहे. मुरुडच्या आमच्या वस्तीत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी धम्मग्रंथ वाचतात. ती सुरुवात एका बाईनं केली. मी तिला त्या जागेवरून उठवलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

माझा स्वभाव संशयी, आणि नोकरीनं त्याला खतपाणी घातलं. मोठ्या दुष्काळात बिलोली तालुक्यात रस्त्याच्या कामावर मी हजेरी कारकून होतो. खडी फोडणाऱ्यांची नावं पुकारायची, अंगठे घ्यायचे. मेलेल्या माणसाच्या नावापुढे ताजा अंगठा मी पाहिला आहे. एकाच बाईला दोन नावांना ‘हाव’ म्हणून हजेरी देताना पकडलं आहे. तिच्या घरी खाणारी तोंडं किती, हे मी विचारलं नाही. पुढे लातूर जिल्हा वेगळा झाला, नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, तेव्हा नांदेडकडून बदली मागून मी मुरुडला आलो. वस्तीतला नोकरीवाला म्हणून लोक मला भाऊसाहेब म्हणू लागले.

विहार म्हणजे वर पत्रे आणि खाली सारवलेली जमीन. बायको रोज जायची. मी जात नसे. चार माणसं एकत्र बसून एकच गोष्ट म्हणू लागली की मला आत काहीतरी शिजतंय असं वाटायचं. एका संध्याकाळी तिनं आग्रहानं नेलं. मूर्तीपुढे मेणबत्ती, पांढऱ्या कापडावर ग्रंथ, आणि ग्रंथापुढे साठीची एक बाई. मजुरी करणारी, नवरा वारलेली. मी तिला ओळखलं. त्याच दिवशी सकाळी तिनं माझ्या टेबलावर निराधार योजनेच्या अर्जावर अंगठा लावला होता, आणि आता ती कुठेही न अडखळता वाचत होती.

माझ्या डोक्यात दोनच शक्यता आल्या. एक तर हिनं सकाळी कचेरीत लबाडी केली, नाहीतर आता इथं करते आहे.

मी रोज जाऊ लागलो तो तिला पकडायला. दर दिवशी एकेक हात पुढे सरकून बसायचो. वाचन संपलं की सगळे मिळून तीनदा ‘साधू’, म्हणजे ‘उत्तम’, म्हणत. तीस-चाळीस गळ्यांतून एकदम निघालेला तो आवाज छातीत उतरायचा. घरी जाताना अंग हलकं वाटायचं, कचेरीतला राग बायकोवर निघायचा नाही. मला या बरं वाटण्याचाही संशय आला. आपल्याला कुणीतरी भुलवतंय, असं वाटायचं.

विहारातली प्रत जुनी होती, पानं सुटली होती. नांदेडला गेलो तेव्हा मी नवी आणली आणि दान दिली. सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या संध्याकाळी मी तिच्या अगदी शेजारी बसलो होतो, म्हणून दिसलं. पान अर्धं राहिलेलं असताना तिनं ते उलटलं, आणि वाचन मात्र बरोबर चालू होतं. नव्या प्रतीतलं अक्षर बारीक होतं, पानं वेगळ्या ठिकाणी संपत होती. ती जुन्या प्रतीच्या सवयीनं उलटत होती.

अख्खा ग्रंथ पाठ असलेली बाई आपल्यासमोर बसली आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही. चोरी सापडल्याचा आनंद झाला. तपासल्याशिवाय काही मानू नये हे आपल्या धम्मातच सांगितलंय, अशी मी मनाची समजूत घातली. मधलंच एक पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, “माय, इथून वाचा बरं.”

तिनं पानाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

“मला वाचाया येत न्हाई, भाऊसाहेब. मी म्हनते.”

मी वळून लोकांकडे पाहिलं, पंचनामा पुरा झाल्यासारखं. मागून एक म्हातारा म्हणाला, “आमाला ठाव हाय की. तुमालाच ठाव नव्हतं.” बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या म्हाताऱ्यानंच मग सांगितलं. दुष्काळात तिचा नवरा खडीच्या कामावर दुपारच्या सुटीत हा ग्रंथ सगळ्यांना वाचून दाखवायचा. हातोड्यानं त्याची बोटं चेचली, तेव्हापासून पान ती उलटायची, त्यानं मान हलवली की. तो गेल्यावर तिनं विहारात बसून म्हणायला सुरुवात केली. ग्रंथ पुढे उघडा असायचा तो त्याचा मान म्हणून.

मी काही बोलायच्या आत तिनं ग्रंथ उचलून माझ्यापुढे ठेवला. “आता वाचनारं मानूस आलंय. तुमीच वाचा.” यात टोमणा होता का, हे मी पुढे कित्येक दिवस शोधत राहिलो. तो नव्हता. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी बसलो.

मी चांगलं वाचायचो, शुद्ध आणि खणखणीत. पण ‘साधू’ आता तुटक येऊ लागलं. ती रोज शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. ती माझ्या चुका धरायला येते, अशी माझी खात्री होती.

एकदा मेणबत्तीचं मेण सांडून दोन पानं चिकटली होती. मी ती एकदम उलटली आणि त्याच थाटात पुढे वाचत गेलो. वाक्याला वाक्य लागत नव्हतं, हे माझ्या कानांना कळलं नाही. मागून तिचा आवाज आला. मला अडवायला नव्हे, सुटलेलं ती हलकेच म्हणत होती. मग तिच्या शेजारची म्हणू लागली, मग तो म्हातारा, मग जेमतेम अक्षरओळख असलेली माझी बायको. मी थांबलो. हरवलेलं पान त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत आलं. ग्रंथ मांडीवर मिटून मी ऐकत होतो, आणि शेवटी कोण काय करतंय हे न बघता सगळ्यांबरोबर ‘साधू’ म्हणालो. डोळे भरून आले. तेवढा आनंद मला नोकरीचा हुकूम हातात पडला तेव्हाही झाला नव्हता, आणि त्याचा संशय घ्यायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, माय, तुम्ही बसा. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. तुमचा आवाज बरा हाय.” एवढ्यावर मी मानलं. पुन्हा विचारलं नाही. खरी बोच हीच आहे. तिला उठवलं ते न कळता, असं म्हणता येईल. सगळं कळल्यावरही मी ती जागा सोडली नाही, कारण ती मला आवडू लागली होती. ती बाई वारेपर्यंत शेवटच्या रांगेतच बसली.

स्मरणिका पाहून मी ती छापणाऱ्या विहार मंडळाच्या अध्यक्षाकडे गेलो. तो शाळेत शिक्षक आहे. सगळं ऐकून म्हणाला, “काका, अंगठा लावणारी बाई आद्य वाचक, असं कसं छापायचं? लोक हसतील.” शिवाय वयामुळे माझी काही गल्लत होत असेल, असंही त्यानं सुचवलं. दुरुस्ती छापतो म्हणाला आहे. छापेल असं मला वाटत नाही.

मग मी तिच्या सुनेकडे गेलो. हे लिहितो आहे, त्यात सासूबाईंचं नाव घालू का, असं विचारलं. तिनं मला घरात बोलावलं नाही, दारातच ऐकून घेतलं. म्हणाली, “आधी समद्यांपुढं सांगा, मग कागदावर लिवा.”

उद्या आश्विन पौर्णिमा. समाप्तीच्या वाचनाला अजून मानानं मलाच बसवतात. उद्या मी बसणार नाही. खीर वाटण्याआधी उभा राहून तिचं नाव सांगणार आहे. सून येणार आहे म्हणे. मी खरंच बोलतो की नाही, ते बघायला.