पेशींच्या हिशेबानं थोरला

माझे दोन्ही मामा जुळे. थोरल्या आणि धाकट्यात अंतर एवढंच, की मधल्या वेळात सुईणीला जेमतेम कपभर चहा घेता आला असेल. पण तेवढ्या भांडवलावर थोरल्यांनी जन्मभर पहिला फेटा बांधून घेतला आणि घरातल्या प्रत्येक भाचीला हाताला धरून बोहल्यावर नेलं. धाकटे मागून अक्षतांचं ताट घेऊन चालायचे.

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. ती शेवटची भाची. निदान हिला तरी आपण न्यावं, असं धाकट्या मामांना फार वाटत होतं. मागितलं असतं तर मिळालंही असतं; पण मागायचं म्हणजे धाकटेपण कबूल करणं आलं.

त्याच सुमारास मी आणि धाकटे मामा सांगलीत एका व्याख्यानाला गेलो. दीपप्रज्वलन, सत्कार आणि सत्कार करणाऱ्यांचा सत्कार आटोपून जो वेळ उरला, त्यात वक्त्याने बरं सांगितलं. धुरातले अतिबारीक कण फुप्फुसांतून रक्तापर्यंत पोचू शकतात. पेशींतल्या गुणसूत्रांची टोकं त्यामुळे लवकर आखूड होऊ शकतात. म्हणजे दाखल्यावरचं वय एक आणि पेशींचं वय त्याच्या पुढे, असं होऊ शकतं. मामांनी सगळे ‘शकतात’ सभागृहातच ठेवले आणि बाकीचं व्याख्यान आष्ट्याला घरी नेलं.

लग्नाचं ठरवायला सगळे आमच्याकडे जमले, तेव्हा त्यांनी विषय काढला.

“ह्यो मेढ्याला डोंगरात बसून फुकटची हवा खातोय. माझ्या घराला लागून गुऱ्हाळ. चिपाडाचा धूर, पाचटाचा धूर, वर ट्रॅक्टरचा. पेशींच्या हिशेबानं मी थोरला हाय. पोरीला मी नेणार.”

“अन् मी बिड्या वढल्या त्या कुठं गेल्या रं?” थोरले म्हणाले. “तुझं गुऱ्हाळ हंगामापुरतं. माझी बिडी बारा म्हयनं.”

“सोडून लय वर्सं झाली की!”

“पेशींस्नी ठावं हाय.”

मग थोरल्यांनी पुरावा म्हणून खोकून दाखवलं. धाकट्यांनी त्याहून खोलातला खोकला काढला. आजवर दोघंही चोरून केसांना कलप लावत आलेले. त्या दिवशी मुळाशी किती पांढरं आहे ते दाखवायला दोघांनी टोप्या काढल्या. शेवटी आई वैतागली आणि धाकट्यांना म्हणाली, “बरं बाबा, तू ने.”

धाकटे मामा जिंकले. इतक्यात तांदूळ निवडत बसलेल्या धाकट्या मामींनी सूप खाली ठेवलं.

“आवं, त्या गुऱ्हाळाच्या धुरात रोज धुणं कोण वाळत घालतंय?”

“तूच की.”

“मग माझ्या पेशी?”

मामा काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर बसवू लागले.

“बोला की. मोठ्या जाऊबाईंपरीस मी म्हातारी झाली का?”

“तुझं येगळं असतंय.”

“काय येगळं? मला नाक न्हाई?”

शास्त्र सर्वस्वी मामींच्या बाजूनं होतं आणि मामांना ते कळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तो वक्ता ‘होऊ शकतं’ म्हणला, न्हाई का रं?”

“लय वेळा म्हणला,” मी साक्ष दिली.

“मग कशाचाच पत्ता न्हाई,” मामा म्हणाले आणि थोरलेपण होतं तिथं मेढ्याला परत गेलं.

लग्नात लाऊडस्पीकरवरून मामांना पुकारलं, तेव्हा थोरलेच भाचीला घेऊन गेले. धाकटे माझ्याशेजारी उभे राहून तिच्याकडे बघत होते. मंगलाष्टकं झाली, आणि नवऱ्या मुलाचे चुलते भेटीला आले. त्यांनी दोन्ही मामांना नीट न्याहाळलं, थोरल्यांना ओलांडून पुढे आले आणि धाकट्यांना वाकून नमस्कार केला.

“तुम्हीच थोरले मामा ना? लगेच वळकलं.”

हे ऐकायला मामांनी अख्खा जन्म घालवला होता. त्यांनी हळूच मागे पाहिलं. मामी दोन पावलांवर पदर सावरत उभ्या होत्या.

“न्हाई ओ,” मामा म्हणाले आणि पोट आत घेतलं. “मी धाकटा. लय धाकटा.”