उशिरा येणारं हसू

उभा जन्म नाटकासिनेमांत विनोदी नोकर रंगवणाऱ्या ठेंगूनानाचं डोकं टीव्हीपुढे फिरलं. मालिकेतला नवा नट बहिऱ्यांची टिंगल करत होता आणि मागून रेकॉर्ड केलेला हशा वाजत होता. त्या हशात सगळे हसून थांबल्यावर एक बाई एकटीच खळखळून हसली.

नाना ताडकन उठला. ते हसू त्याच्या वारलेल्या आत्याचं होतं. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून प्रत्येक प्रयोगाला ती शेजारणीला विचारून मग हसायची.

"हरामखोरांनी माझ्या नाटकाच्या कॅसेटमधला हशा चोरलाय."

"चोरू देत," बायको म्हणाली. "त्या निमित्ताने आत्याबाई तरी ऐकायला मिळाल्या."

"अगं, तिला कुणावर हसायला लावलंय ते बघ की."