रेडकाच्या गळ्यातलं दावं

आमच्या घरात कॉलेज बघितलेली पहिली मी. मानसशास्त्रात एम.ए. केलं, तेही नोकरी करून, आणि हे मी कुठंही मान वर करून सांगते. म्हणून धाकट्या बहिणीसाठी राधानगरीकडचं स्थळ आलं तेव्हा वडील म्हणाले, "घर बघायला तू बी चल. माणसं वाचायला शिकलीस न्हवं? वाच की मग."

बहिणीला मुलगा पसंत होता. रोज फोन चालायचे.

वडील घराच्या आधी गोठा बघतात. त्यांच्याकडं पोचलो ती धारेची वेळ होती. म्हैस रेडकाला हुंगून पान्हवली, तसं मुलानं रेडकू ओढून खुंट्याला बांधलं. म्हणाला, "हे जुनं झालं, पावणं. सुई टोचली की रेडकाबिगर बी पान्हा सुटतोय." आईच्या अंगात माया दाटली की जे संप्रेरक सुटतं, तेच त्या सुईत असतं.

तेवढ्यात रेडकानं आईकडं उडी घेतली. दाव्याला पीळ पडला, गळा आवळला, जीभ बाहेर आली. म्हैस आकांत करायला लागली.

"अवो, सोडा की त्याला!" वडील ओरडले.

तो हाताच्या अंतरावर उभा होता. हलला नाही. रेडकाकडं बघतही नव्हता. आमच्याकडं बघत होता, एकेकाच्या तोंडाकडं. मग हळूहळू वडिलांच्या कपाळावर होत्या तशाच आठ्या त्याच्या कपाळावर आल्या. त्यानंतर त्यानं विळा उचलला आणि दावं कापलं.

माझे तळवे घामानं भिजले होते. दुधाचा पेला देताना त्याचा हात लागला. कोरडा ठणठणीत.

परतीच्या वाटेवर वडील खूश. "काय थंड डोस्क्याचं पोरगं! जरा बी गडबडलं न्हाई."

मला तेच खात होतं. काही माणसांना दुसऱ्याचं दुखणं दिसतं, पण पोचत नाही. आपल्या अंगात भीतीच्या वेळी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उसळतं, छाती धडधडते. त्यांच्यात ते बऱ्याचदा थंडच राहतं. प्रत्येक अभ्यासात असंच निघतं असं नाही, आणि एका संध्याकाळवरून कुणाला शिक्का मारायचा नसतो, हेही मी शिकलेय. पण बहीण माझी होती.

घरी आल्यावर तिला एकटीला गाठून सगळं सांगितलं. वाटलं, भांडेल. पण ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली,

"आक्का, आई गेल्याच्या आठवणीनं मी परवा फोनवर रडले. तर म्हणाला, थांब, व्हिडिओ लाव, कशी रडतीस बघू दे. मला वाटलं, लाडानं म्हणतोय."

"मग लावलास?"

"लावला की. कायबी बोलला न्हाई. नुसता बघत हुता."

तिनं नको म्हटल्यावर वडील चिडले. "चार बुकं शिकून चांगलं स्थळ घालवलंसा दोघींनी!" पण नकार कळवला त्यांनीच.

दोन दिवसांनी त्या मुलाचा फोन मला आला. आवाज अगदी गोड, रागाचा लवलेश नाही.

"ताई, नाराज न्हाई मी. फक्त कुठं चुकलो, तेवढं सांगा. गोठ्यात आधी ओरडायला पायजे हुतं, का आधी पळायला? म्होरल्या पावण्यांच्या वेळी ध्यानात ठेवीन."

मी फोन बंद केला. पुढच्या आठवड्यात तो हातकणंगल्याकडं मुलगी बघायला जाणार आहे, असं कानावर आलंय. त्या मुलीच्या घरात सावध करायला आमच्या ओळखीचं कुणीच नाही.