काखेतला वण

माझ्या उजव्या काखेत चार बोटं लांबीचा वण आहे. तो कशाचा, असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी सांगितलं — आणि सगळ्यांना खोटं सांगितलं. आईला खोटं, भावाला खोटं, शेजारणींना खोटं. खरं काय ते अजून आमच्यातल्या एकाही माणसाच्या कानावर गेलेलं नाही. ज्याच्या कानावर सगळ्यात आधी जायला हवं होतं, त्याचा एक कान तर आता — थांबा. असं नको. पहिल्यापासून सांगते. नाहीतर मी पुन्हा आडवाटेला लागेन. मला ती सवय आहे.

मी मोशीची. वडील लवकर गेले, थोरल्या भावानं, दादानं, घर ओढलं. इंद्रायणीच्या अंगाला आमचं शेत. दादा तालमीतला गडी, पंजा परातीएवढा. माझं लग्न झालं ते पिंपरीत राहणाऱ्या रामकिसनशी. बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून आलेला माणूस, एका कारखान्यात लेथवर लागलेला. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. इथं तुम्हाला कळावं म्हणून एकदा घेतलं, यापुढं ‘हे’ म्हणते. यांचं इकडं कुणी नव्हतं. भाऊ नाही, चुलता नाही, गाववाला नाही. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं होतं.

मीही कामाला जायची, औषधाच्या कंपनीत. भरलेल्या बाटल्या उजेडासमोर धरून बघायच्या — आत कचरा आहे का, काच आहे का. पाळी सुटेपर्यंत हात खांद्याच्या वर. वर्षभरानं उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग बोटं गार. मग हात असा सुजायचा की बांगड्या मनगटात रुतायच्या. दंडावर निळ्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या, कातडी काळीनिळी पडायची. आणि कळ! गळ्याच्या हाडाखाली कुणी पक्कड घालून आतली शीर पिळतंय, अशी. ओठ चावून मी रक्त काढलंय. विळीसमोर बसले की वाटायचं, भाजी बाजूला ठेवावी आणि हाच ठेवावा पात्यावर.

कंपनीच्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून लाल औषध दिलं. माझ्या हातून बाटल्या पडत राहिल्या, फुटत राहिल्या. एक दिवस सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

आणि हे? हे वाईट वागले का? नाही. पहिले सहा महिने रोज खांद्याला तेल चोळून दिलं. पण बारा-बारा तास मशीनसमोर उभं राहून आलेला माणूस घरी येतो आणि बायको हात धरून बसलेली. डॉक्टर म्हणतो काही नाही. किती दिवस खरं मानेल तो? शेजारी बारसं होतं. मी चहाच्या कपांचा ट्रे घेऊन निघाले आणि दारातच हात मेला. कप फुटले, चहा बाळंतिणीच्या पायावर सांडला. सगळे बघायला लागले. तेव्हा हे हसून म्हणाले, “कामाचं नाव काढलं की हात मरतोय हिचा.”

चाळ हसली. एवढंच. माणसं याहून कितीतरी वाईट बोलतात, नाही का? पण त्या हसण्यानं माझ्या पोटात जे पेटलं ते विझेना. मला वाटलं, याला कळलं पाहिजे. दुखणं म्हणजे काय ते याच्या अंगाला कळलं पाहिजे.

त्याच आठवड्यात मी मोशीला गेले. हात त्या दिवशी कोपरापर्यंत निळा होता. आईनं पदर बाजूला केला, दंड बघितला आणि तिचं तोंडच उतरलं.

“त्यानं हात टाकला का गं तुझ्यावर?”

मी मान खाली घातली. 

इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा हे इथपर्यंतच सांगत आले — मी नुसती मान खाली घातली, आईनं काय समजायचं ते समजली. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं. पण मी गप्प नव्हते बसले. मी बोलले. “व्हय,” म्हणाले. आईनं कपाळावर हात मारला, तर मी आणखी एक शब्द घातला. कुणी मागितला नव्हता तो.

“रोजच.”

यांनी माझ्यावर कधी बोटसुद्धा उगारलं नव्हतं.

गुरुवारी यांच्या कंपनीला सुट्टी. मी बुधवारीच पिंपरीला परत आले होते — का? पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं म्हणून. सकाळी हे दाराशी आरसा टांगून दाढी करत होते. दादा आणि दोन चुलतभाऊ सायकली टाकून आत शिरले. यांच्या अर्ध्या गालाला साबण होता. दादानं मानगूट धरली तेव्हा यांनी काय केलं असेल? हातातला वस्तरा मिटला आणि खिडकीत ठेवला. कुणाला लागू नये म्हणून. मग म्हणाले, “दादा, काय झालं ते तर सांगा.”

दादानं सांगितलं नाही. अंगणात ओढून नेलं आणि पहिलीच अशी ठेवून दिली की हे भिंतीवर जाऊन आपटले. मग पोटात लाथा. मग सायकलचा पंप. एका चुलतभावानं हात मागं धरले, दुसऱ्यानं केस धरून तोंड वर केलं, आणि दादा उघड्या पंज्यानं कानावर मारत राहिला — त्याच कानावर, पुन्हा, पुन्हा. ओला टॉवेल फरशीवर आपटावा तसा आवाज. “पुन्हा टाकशील हात? आँ? टाकशील?” गालावरचा साबण तांबडा झाला. पँट ओली झाली यांची. चाळीतली पोरं बघत होती.

मी दारात उभी होते. “सोडा त्यांना” — दोन शब्द होते. दादा माझा शब्द कधी मोडत नसे. मी हाक मारली असती तर त्याचा हात वरच्या वर थांबला असता. हे माझ्याकडं बघत होते. राग नव्हता त्या नजरेत. विचारत होते नुसते.

मी काय करत होते सांगू? मी मनात म्हणत होते, अजून. अजून एक. आणि ऐका — कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच त्या घडीला माझा हात दुखत नव्हता.

कानातून रक्ताची धार लागली तेव्हा शेजारची म्हातारी ओरडत मधे पडली. मी नव्हे. ती.

दादा मला मोशीला घेऊन गेला. हात आणखी बिघडला, बोटं शाईत बुडवल्यासारखी झाली, तेव्हा त्यानं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. फोटो काढले, सुया टोचल्या. मोठ्या डॉक्टरांनी दादाला बाहेर बसवलं आणि मला समजावून सांगितलं. “बाई, हे जन्मापासूनचं आहे. तुमची सगळ्यात वरची बरगडी जाड आहे, वर चढलेली. हात उचलला की ती आणि गळ्याचं हाड यांच्यात शीर सापडते. अडकित्त्यात सुपारी सापडते तशी. वर्षभर हात वर करून काम केलंत, त्यानं बळावलं. ती बरगडी काढावी लागेल.” मग जरा थांबून म्हणाले, “भाऊ म्हणतात नवऱ्यानं मारलं. मारानं असं होत नाही. मारत होता का तो?”

“नाही,” मी म्हणाले. 

म्हणजे बघा, मला खरं बोलता येत होतं. परक्या माणसासमोर, एका झटक्यात.

बाहेर आले. दादा बाकावरून उठला. “काय म्हनला डॉक्टर?”

व्हरांडा दहा पावलांचा असेल. पहिल्या खोट्याला निदान राग तरी होता, आणि दुखणं कशाचं तेही मला माहीत नव्हतं. आता सगळं माहीत होतं. राग तर त्या अंगणातच निवला होता. शांत डोक्यानं मी म्हणाले, “मार लागून आतलं हाड सरकलंय. काढायचं म्हनत्यात.”

खरं सांगितलं असतं तर दादा माझ्या तोंडावर थुंकला असता. त्या थुंकीला मी भ्याले. 

शुद्धीवर आले तेव्हा काखेतून रबरी नळी बाहेर आलेली, खाली बाटलीत तांबडं पाणी. श्वास घेतला की आत कुणी विळा फिरवावा. खोकल्याचं भय, शिंकेचं भय. शिंक येतेसं वाटलं की मी नाक दाबून धरायची आणि डोळ्यांतून पाणी काढायची. कानाला पट्टी बांधलेले हे रोज पाळी करून पुण्याला यायचे आणि व्हरांड्यात उभे राहायचे. दादा आत येऊ देत नसे. घरी सोडायच्या दिवशी दादा म्हणाला, “पाय धर, मग ने.” यांनी दवाखान्याच्या पायरीवर वाकून दादाचे पाय धरले. मी बाजूला उभी, हात झोळीत.

आता राहिलेलं सांगते. इतका वेळ मी याच्याभोवतीच फिरते आहे.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, हे माझ्यासमोर येऊन बसले. आईनं यांना सांगितलं होतं, हाड सरकलं म्हणून. यांनी डोक्यात सारखा तोच विचार केला होता, मारलं तर नाही कधी, मग हाड सरकलं कसं? आणि यांना एक दिवस सापडला होता. हमरस्ता ओलांडताना ट्रक अंगावर आला आणि यांनी मला उजव्या हाताला धरून मागं खेचलं होतं. माझा जीव वाचला होता त्या दिवशी. हात त्याच्या कितीतरी आधीपासून दुखत होता.

“म्याच वढलं व्हतं तुला त्या दिशी,” हे म्हणाले. “लई जोरात वढलं. त्यानंच सरकलं का गं हाड?”

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? साधा प्रश्न होता. माणूस मार खाऊन, पाय धरून, वर स्वतःचाच गुन्हा शोधत बसला होता. 

मी म्हणाले, “असंल.”

हे उठले. मोरीत गेले. धुण्याच्या दगडावर आपला उजवा हात पालथा ठेवला, डाव्या हातात धोपाटणं घेतलं आणि घातलं. बोटांवर. “ह्याच हातानं,” म्हणाले आणि पुन्हा घातलं. हाड मोडल्याचा आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा असतो, मोठा नसतो. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वेडंवाकडं झालं होतं, दगडावर रक्त पसरलं होतं. हे रडत नव्हते. धापा टाकत होते, नांगर ओढलेल्या बैलासारखे.

मी भिंतीला टेकून बसले होते. उठले नाही. हाकसुद्धा मारली नाही. दुखत होतं म्हणून नव्हे — दोन पावलांवर मोरी होती.

पुढचे दोन महिने त्याच बांधलेल्या हातानं यांनी मला भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं. डॉक्टरांनी तसा व्यायाम सांगितला होता. रोज माझा हात जिथवर पोचेल तिथं हे पेन्सिलीनं रेघ मारायचे. रेघा वर-वर जात राहिल्या. रेघ वर गेली की यांच्या तोंडावर असा आनंद दिसायचा की मी भिंतीकडंच बघत राहायची.

यांचा डावा कान गेला तो गेलाच. लेथवरच्या माणसाला कान लागतो. हत्यार बोथट झालं की आवाज बदलतो, तो यांना कळेना. माल बिघडायला लागला. वर्षाच्या आत कंपनीनं यांना मशीनवरून काढून माल चढवा-उतरवायला घातलं. वाकडी बोटं तशीच राहिली. मोशीत अजून म्हणतात, जावई आधी मारकुटा होता, एकदा धुतला आणि सरळ आला. दादा तर ही गोष्ट पारावर रंगवून सांगतो. गेल्या साली चुलतबहिणीच्या नवऱ्याला त्यानं याच गोष्टीच्या जोरावर झोडपलं, त्याचा पाय मोडला. त्यानं खरंच मारलं होतं का तिला? मी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारू?

माझा हात बरा आहे. बरा म्हणजे पूर्ण बरा. चार वर्षं झाली, कळ नाही, मुंग्या नाहीत. भरलेला हंडा मी उजव्या हातानं उचलून कमरेवर घेते, हे दुसऱ्या पाळीला असले की. हे घरी असले की माझा हात दुखतो. रस्ता ओलांडताना हे माझा हात धरत नाहीत; पदराचं टोक धरतात.

आज यांची पहिली पाळी आहे. साडेचारला नळाला पाणी येतं, तोवर हे घरी पोचतात. मी दोन्ही हंडे दाराशी रिकामे ठेवले आहेत.